झटका, उन्माद की द्विध्रुवी? बायपोलरसाठी गावात चालेल असा शब्द

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंनी विचारलंय : "प्रशिक्षणात आम्हाला ‘द्विध्रुवी मनोविकार’ हा शब्द दिला. गावात तो कोणाच्याच कानाला ओळखीचा नाही. लोक ‘झटका येते’ म्हणतात, शिकलेली पोरं ‘बायपोलर’ म्हणतात आणि एका पुस्तिकेत ‘उन्माद’ असं छापलंय. घरोघरी बोलताना मी नेमकं काय म्हणू? आणि या आजारावरच्या लिथियमच्या गोळीला ‘मिठाची गोळी’ म्हटलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले की तो एक क्षार आहे." सोबत त्यांनी लोकांच्या तोंडची काही वाक्यंही लिहून पाठवली आहेत. त्यांच्यामुळे उत्तर देणं फार सोपं झालं.

आधी थेट उत्तर. आजाराचं नाव ‘बायपोलर’ असंच सांगा. शुगर, बीपी, थायरॉइड हे शब्द गावाने पचवले, हाही पचवेल. आजारात काय होतं हे सांगताना मात्र आपले शब्द हवेत : ‘मन उधळलेले दिवस’ आणि ‘मन खचलेले दिवस’. ‘झटका’ आणि ‘उन्माद’ टाळावेत असं माझं ठाम मत आहे, कारण या आजारात शब्द चुकला की पुढे उपचारही चुकतो.

‘द्विध्रुवी’ची अडचण अशी की मराठी कानाला ‘ध्रुव’ म्हटलं की आधी तारा आठवतो, आणि तो तर अढळ. ज्या आजारात मन एका जागी ठरत नाही त्याच्या नावात न हलणारा ध्रुव बसवला, तर ऐकणाऱ्याला उलटाच बोध होतो. मूळ शब्दामागचा विचारही वेगळा होता. 1899 मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उत्साहाचे आणि नैराश्याचे झटके एकाच आजारात धरले होते. 1957 मध्ये कार्ल लेओनहार्ट यांनी त्यांतून दोन गट वेगळे काढले : ज्यांना फक्त एका बाजूचा त्रास होतो ते, आणि ज्यांना दोन्ही बाजूंचा होतो ते. दुसऱ्या गटाला त्यांनी ‘बायपोलर’ म्हटलं. 1980 मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ते नाव उचललं आणि जगभर रुजलं. म्हणजे ते वर्गवारीसाठी घडवलेलं नाव आहे. त्याचा शब्दशः अनुवाद करून रुग्णाच्या घरच्यांना काही हाती लागत नाही.

आता वरच्या वाक्यात मीही क्रेपेलिनबद्दल लिहिताना ‘झटके’ लिहून गेलो, कारण छापील मराठीत तसंच लिहायची पद्धत आहे. पण वऱ्हाडात ‘झटका’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : मिरगी आणि हार्ट अटॅक. दोन्ही मिनिटांचा खेळ. बायपोलरमध्ये मन उधळलेली अवस्था निदानासाठी किमान आठवडाभर टिकलेली लागते, तिचा सौम्य प्रकार असला तरी चार दिवस. खचलेली अवस्था किमान दोन आठवडे, आणि बहुतेकदा महिनोन्महिने. ‘झटका’ म्हटलं की घरचे लोक तो ओसरायची वाट पाहत बसतात. मग ‘बाहेरचं’ असेल म्हणून नारळ उतरवला जातो, बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यापर्यंत वारी होते. त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. तिथे माणसाला धीर मिळतो. पण सुरुवातीचे, उपचाराला सर्वांत मोलाचे आठवडे त्या वाटेवर निघून जातात. शहरातली मुलं याच्या उलट टोकाला जातात. सकाळी खुश आणि संध्याकाळी चिडचिड झाली तरी ‘मी बायपोलर झाले’ म्हणतात. तो नुसता मूड, आजार नव्हे.

‘उन्मादा’वर थोडं जास्त थांबतो. आयुर्वेदात हा शब्द फार मोठा आहे. चरकाने मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार अशा कितीतरी गोष्टींच्या विभ्रमाला उन्माद म्हटलंय आणि त्याचे वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतुज असे प्रकार केलेत. आजच्या परिभाषेत मात्र तो मुख्यतः ‘मॅनिया’साठी, म्हणजे मन उधळलेल्या अवस्थेसाठी वापरला जातो. आणि आजच्या बोलण्यात? ‘सत्तेचा उन्माद’, ‘युद्धाचा उन्माद’. सगळीकडे दोष देण्याचा शब्द. आशाताईंनी पाठवलेलं हे वाक्य बघा, एका भावाने दुसऱ्याबद्दल काढलेलं :

"चार रोज झाले, डोयाले डोया नाही. निरा बोलूनच रायला. कापसाचे पैसे आले अन् मोटरसायकल घेऊन आला, वरून गावजेवन घालतो म्हणते. माज आला हाये त्याले, दुसरं काही नाही."

झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, एकामागून एक बेत, हात मोकळा सोडून खर्च. मॅनियाची लक्षणं याहून नेमकी कोणी सांगू शकणार नाही. भावाने सगळं बरोबर पाहिलं, फक्त शेवटी त्याला ‘माज’ हे नाव दिलं. त्याच घरात तोच माणूस तीन महिन्यांनी खाटेवरून उठत नाही तेव्हा ‘बिमार हाये’ म्हणतात आणि दवाखान्यात नेतात. एका आजाराचे दोन भाग, पण एकाला शिवी आणि दुसऱ्याला दवा. पुस्तिकेतला ‘उन्माद’ हा गावातल्या ‘माजा’चाच संस्कृत भाऊ आहे, म्हणून तो नको.

‘उधळणं’ मला योग्य वाटतं ते यासाठी की पैसे उधळतात आणि बैलही उधळतो. उधळलेल्या बैलाला कोणी माजोरी ठरवत बसत नाही, आधी कासरा धरतात. ‘पोराचं मन उधळलंय’ म्हटलं की ऐकणारा आपोआप ‘आता काय करायचं’ असं विचारतो. दुसऱ्या बाजूसाठी कोणी ‘उतार’ सुचवेल. पण ‘तापाला उतार पडला’ म्हणजे बरं वाटू लागलं. खचलेल्या माणसाला उतार पडलाय असं सांगणं धोक्याचं. ‘मन खचणं’ आपल्याकडे आधीच आहे, विहीर खचते तसंच, वेगळं समजवावं लागत नाही.

इथे उपचाराचा मुख्य मुद्दा येतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ (विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम) नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं केलं आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. नावातच ताणाचा उल्लेख होता, ‘मानसिक आजार’ हा शब्द दारावर लावलेला नव्हता. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. पण ताण आणि उदासी एवढंच विचारलं तर बायपोलरची अर्धीच बाजू सापडते, आणि रुग्णाचा बहुतेक आजारकाळ नेमका त्याच बाजूला जातो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अमेरिकी पाहणीत बायपोलरचे रुग्ण सुमारे 32 टक्के आठवडे खचलेल्या लक्षणांत होते, उधळलेल्या लक्षणांत फक्त 9 टक्के. अशा माणसाला साधं नैराश्य समजून नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उधळू शकतं. मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाला नैराश्याच्या गोळीची जोड देऊन काय होतं, हेही 2007 च्या एका मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत फायदा दिसला नाही. म्हणून आशाताई, मन खचलेल्या प्रत्येकाच्या घरी हाही प्रश्न विचारा : "याच्या आधी कधी असं झालतं का, की झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबे ना, खर्च आवरे ना?" उत्तर ‘हो’ आलं तर ते डॉक्टरांना तुमच्या तोंडून कळलंच पाहिजे. रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण ते दिवस त्याला त्याच्या चांगल्या काळाचे वाटतात.

आता ‘औषध’ या शब्दाचं बघू. आपल्या भागात ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. फवारणीच्या डब्यालाही औषधच म्हणतात. म्हणून ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणा. आणि मन खचलेल्या दिवसांत फवारणीचं सामान घरात ठेवू नका हे घरच्यांना थेट सांगा. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर ते मनावर घ्या, त्याला एकटं सोडू नका. 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवा) क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही.

‘झोपेच्या गोया’ हाही असाच घातक प्रयोग. मानसोपचाराच्या सगळ्या गोळ्यांना गावात हेच म्हणतात. मग झोप लागायला लागली की गोळी बंद. लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन यांची कामं वेगवेगळी आहेत. लॅमोट्रिजिन मुख्यतः मन पुन्हा खचू नये म्हणून देतात आणि अंगावर पुरळ उठू शकतं म्हणून त्याचा डोस फार हळू वाढवतात. ‘मन सावरायच्या गोळ्या’ म्हटलं तर निदान बंद का करायच्या नाहीत ते समजतं. शॉकबद्दल एकच सांगतो : 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करायला बंदी आहे. सिनेमातला शॉक आता कायद्यात बसत नाही.

झोपेचा धागा मात्र खरा आहे, आणि अलीकडच्या संशोधनातला तो सर्वांत आपल्या कामाचा भाग आहे. जागरण हे मन उधळायचं ठळक कारण ठरतं. अमेरिकेत पिट्सबर्गला एलेन फ्रँक यांनी उठणं, जेवण, काम, झोप यांच्या वेळा बांधून देणारी उपचारपद्धती तयार केली. 2005 च्या त्यांच्या अभ्यासात तिच्यामुळे आजार पुन्हा उलटायला जास्त काळ लागला. बार्सिलोनात रुग्णांना गटात बसवून आजाराची पूर्वचिन्हं ओळखायला शिकवलं, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. आपल्याकडे याचं भाषांतर एका शब्दात होतं : जागल. रोही आणि रानडुकरं चणा खातात म्हणून रात्र शेतात काढायची, रात्रीची लाईन आली की ओलीत करायला उठायचं. बायपोलर असलेल्या माणसाला जागलीवर पाठवू नका, त्याच्या वाटणीची रात्र घरातल्या दुसऱ्याने काढावी. दोन रात्री झोप नाही आणि तरी माणूस ताजातवाना, हे दिसलं की डॉक्टरांना फोन करा. हा सल्ला कोणत्याही परिभाषेपेक्षा जास्त पटकन पोचेल.

‘खानदानी हाये’ असंही एक वाक्य आलंय. आनुवंशिकता मोठी आहे हे खरं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड लाखाहून जास्त रुग्णांची जनुकं तपासली आणि आजाराशी जोडलेल्या 298 जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक. रक्त तपासून कोणाला आजार होईल हे सांगता येत नाही, आणि रुग्णांची बहुतेक मुलं या आजाराविनाच मोठी होतात. ‘खानदानी’ शब्दाने सोयरीक मोडते, म्हणून मुलीची गोळी लपवली जाते. लपवलेली गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर धोका वाढतो. गरोदरपणात ती घेतली गेली तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी डॉक्टरांना ‘गोळी बदलता येईल का’ असं आधीच विचारावं, पण मनाने बंद करू नये.

राहता राहिला लिथियमचा प्रश्न. ‘मिठाची गोळी’ म्हणू नका. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी मॅनियाच्या रुग्णांवर या क्षाराचा गुण नोंदवला, 1954 मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स स्काउ यांनी तो काटेकोर चाचणीत तपासला, आणि आजही आजार पुन्हा उलटू नये म्हणून याच्या तोडीचं औषध क्वचितच आहे. पण ‘मीठ’ ऐकलं की बीपीवाला माणूस जेवणातलं मीठ सोडतो, आणि शरीरात मीठ-पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साचतं. ते सहसा 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर एवढंच ठेवतात, फार वर गेलं की विषारी. अकोला-चंद्रपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बाईला, किंवा जुलाब लागलेल्या माणसाला हा धोका सर्वांत जास्त. तेव्हा ‘लिथियम’च म्हणा आणि सोबत एवढं सांगा : नेहमीचं मीठ सोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची, किडनी आणि थायरॉइड अधूनमधून तपासायचे. हात फार थरथरले, तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायचं नाही, त्यानेही लिथियम चढतं. पॅरासिटामॉल चालतं, पण मेडिकलवाल्याला लिथियम चालू असल्याचं आधी सांगायचं.