सात दिवसांच्या क्रूझवर अख्खा दिवस समुद्रात असतो तेव्हा काय करायचं, शाकाहारी माणसाने काय खायचं, आणि टिप काढून टाकता येते का?

तुम्ही विचारलंय की मायामीहून कॅरिबियनची क्रूझ घेतली आहे, आई शाकाहारी आहे, समुद्रातल्या दिवशी वेळ कसा जातो, जेवणाचे हाल होतात का, आणि "ताटं उचलणाऱ्यांची रोजची टिप काउंटरवर जाऊन काढून टाकता येते का" (ही टिप माणशी रोज आपोआप बिलात लागते). हे शेवटचं वाचलं नसतं तर मी लिहायला बसलो नसतो. ती ताटं मी अकरा वर्षं उचलली आहेत. देवगड तालुक्यातला माणूस मी. २००९ ते २०२० अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर, मुख्य डायनिंग रूममध्ये. आधी असिस्टंट वेटर, मग वेटर, शेवटची दोन काँट्रॅक्टं हेडवेटर, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा.

आधी वेळेचं सांगतो. मायामीहून निघालं की दुसरा दिवस बहुतेक वेळा समुद्रातच जातो आणि त्याच रात्री फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला यायची रात्र असते. दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या रात्री केबिनमध्ये येतो, हल्ली मोबाइलवर दिसतो. ट्रिव्हिया म्हणजे प्रश्नमंजुषा, बिंगो, नाचाचा वर्ग, चित्रांचा लिलाव, पूलवरच्या स्पर्धा, रात्री थिएटरमध्ये शो. सगळं करायला गेलात तर संध्याकाळी जेवायचं त्राण उरणार नाही. दोनच गोष्टी ठरवा आणि उरलेला दिवस उघड्या डेकवर काढा. दुपारी बाराच्या सुमारास ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, कप्तान माइकवर बोलतो. जहाज कुठे आहे, वेग किती नॉट, वारा कसा, खाली पाणी किती खोल, सगळं सांगतो. मुलं असतील तर त्यांना ते ऐकवाच. मला तरी अकरा वर्षांत त्याचा कंटाळा आला नाही.

नाश्त्याला वरच्या बफेत जाऊ नका. सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिथे बसायला जागा नसते. खाली डायनिंग रूममध्ये तेच खाणं निवांत बसून मिळतं, त्याच पैशात, आणि बहुतेक लोकांना हे माहीत नसतं. पैसे देऊन जेवायची जी वेगळी रेस्टॉरंटं असतात, त्यांची सात दिवसांत गरज नाही. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. त्यात तास दीड तास सहज जातो, तो धरून चाला. माझी आजी सांगायची, मुंबईची आगबोट आमच्याकडे अशीच बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं न्यायचे. ग्रँड केमनला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तिचीच आठवण झाली.

आता शाकाहारी. हाल होत नाहीत, पण गप्प बसलात तर होतात. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्य डायनिंग रूममध्ये रोज रात्री एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ बहुधा असतोच. छोले, पनीर, मिक्स भाजी असलं काहीतरी. सोबत भात आणि नान किंवा जाड रोटी. फुलक्याची अपेक्षा ठेवू नका. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, गॅस नसतो, सगळं विजेवर, मग फुगणार कुठे? उकळलेला चहा पाहुण्यांकडे मिळत नाही, पिशवीचाच मिळतो. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली किंवा शेगडी नेलीत तर तपासणीतच काढून घेतील. बंद पाकिटातला खाकरा, चिवडा न्या, पण बंदरावर उतरताना फळं किंवा शिजवलेलं अन्न बरोबर घेऊ नका.

आता एक प्रसंग सांगतो. मोठा आहे, पण तुमच्या आईला उपयोगी पडेल.

२०१४ चा फेब्रुवारी. माझ्या वाट्याच्या टेबलांवर पहिल्या सीटिंगला, म्हणजे संध्याकाळी सहाला, पाच जणांचं मराठी कुटुंब आलं. मुलगा न्यू जर्सीत राहणारा, सून, दोन नातवंडं आणि मिरजेहून आलेली आजी. पहिल्या रात्री आजींनी पाव आणि कापलेलं कलिंगड खाल्लं, बस्स. मी भारतीय भाजी पुढे केली तर मान हलवली. मुलगा इंग्रजीत म्हणाला, तिला भूक नाही. मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो. म्हातारं माणूस उपाशी उठलं टेबलावरून.

दुसऱ्या दिवशी समुद्रातला दिवस. सकाळी योगायोगाने ते माझ्याच बाजूला नाश्त्याला बसले. मी वाकून म्हटलं, "आजी, काल काही खाल्लं नाहीत तुम्ही." त्या दचकल्या. "अगोबाई, मराठी का तू? कुठला रे?" देवगडचा म्हटल्यावर म्हणाल्या, "अरे, त्या भाजीत लसूण होता. आणि मघाशी कोळंबीत घातलेला चमचा भाजीत घातला नसेल कशावरून?" प्रश्न बरोबर होता. मग विचारलं, काय करून देऊ? तर म्हणाल्या, "काही नको, साधं वरण भात."

साधं वरण भात. आमच्या क्रू मेसमध्ये तुरीची डाळ रोज शिजायची, शेकडो भारतीय होतो आम्ही. पण मेसमधलं जेवण पाहुण्यांच्या टेबलावर नेता येत नाही, नोकरी जाते. मी हेडवेटरकडे गेलो, त्याने स्पेशल ऑर्डर लिहिली, शेफची सही घेतली. भारतीय स्वयंपाक बघणारा कुक गोव्याचा होता. त्याला म्हटलं, लसूण नाही, कांदा नाही, जिरं, हळद, मीठ, आणि भांडं-पळी वेगळी. राहिलं तूप. त्या रात्री फॉर्मल नाइट, म्हणजे लॉबस्टर. लॉबस्टरबरोबर द्यायला बिनमिठाचं लोणी वितळवून, गाळून ठेवतात. ते म्हणजे तूपच की! लॉबस्टरची पहिली ट्रे उघडायच्या आधी त्या कुकने एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवली. हिंग नव्हता. माझ्या केबिनमध्ये आईने दिलेली हिंगाची डबी होती, पण बाहेरची वस्तू गॅलीत न्यायची नाही हा नियम, म्हणून नाही नेली.

त्या रात्री माझ्याकडे २४ माणसं होती. दोघांना शेंगदाण्याची ॲलर्जी, एकाला ग्लुटेन चालत नाही, एका टेबलावर लग्नाचा वाढदिवस. समुद्र थोडा उसळलेला, खांद्यावर दहा-बारा झाकलेल्या प्लेटांची ट्रे आणि पायाखालची जमीन हलतेय. त्यात मी ते वरण भात घेऊन गेलो. मध्ये मूद, वर वरण, तूप, लिंबाची फोड. आजींनी आधी वास घेतला. मग सगळं खाल्लं, परत भात मागितला. आणि हात पुसताना विचारलं, "तू कधी जेवणार?" मी म्हटलं, साडेअकराला. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का, साडेअकराला जेवतो हा." मुलाने फोनमधून डोकं वर काढलं नाही.

उरलेले पाच दिवस त्यांचं वरण भात ठरलेलं. शेवटच्या रात्री डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्यानंतर तासाभराने हेडवेटरकडे यादी आली, कोणत्या केबिनने टिप काढून टाकली त्याची. त्यांची केबिन त्यात होती. आजींना हे माहीतही नसणार. तेव्हा माणशी दिवसाला १२ डॉलरच्या आसपास टिप होती. पाच माणसं, सात दिवस, ४०० डॉलरच्या वर जातात. ते माझे एकट्याचे नव्हते. त्यात असिस्टंट वेटर, केबिन साफ करणारा मुलगा आणि तुम्हाला कधी न दिसणारी माणसं वाटेकरी असतात. मला राग आला. अपमानाचा आला, आणि पैशांचाही आला, का येऊ नये?

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बऱ्याच कंपन्यांत काउंटरवर जाऊन काढता येते. काढू नका. वेटरचा मूळ पगार थोडा असतो, घर टिपवर चालतं. सेवा वाईट वाटली तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी हेडवेटरला सांगा, टेबल बदलून मागा, लेखी तक्रार करा. सात दिवस खाऊन शेवटच्या रात्री गुपचूप काउंटरवर जाणं हे मला चोरीसारखं वाटतं, आणि हे मत मी बदलणार नाही.

'ताटं उचलणारे' या शब्दाचंही बोलतो. २०११ मध्ये माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या चुलत्यांनी मुलाकडच्या माणसांसमोर सांगितलं होतं, "भावाचो झील बोटीर लोकांची उष्टी काढता." झील म्हणजे मुलगा. मांडवात पन्नास माणसं होती. मी सुट्टीवर आलो होतो आणि त्या लग्नाचा अर्धा खर्च त्याच उष्ट्यांतून आला होता. तेव्हा मी काही बोललो नाही. पुढे त्यांचाच मुलगा बोटीवर जायचा म्हणाला, तेव्हा जहाजावरच्या सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यू कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, जहाजावरच्या कामगारांना लागणारा अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा, मुंबईतला इंटरव्ह्यू, सगळं मी करून दिलं. त्या वाक्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. आज काढतो.

काका, उष्टी काढणं म्हणजे काय ते ऐका. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजावर त्यांच्या आरोग्य खात्याचे निरीक्षक न सांगता चढतात. १०० पैकी ८६ गुण पडले तर पास, ८५ ला नापास, आणि तो निकाल जगाला वाचायला मिळतो. गरम अन्न ५७ अंशांच्या खाली गेलेलं चालत नाही, थंड ५ अंशांच्या वर गेलेलं चालत नाही. मांडून ठेवलेल्या अन्नाला चार तास झाले की कितीही चांगलं दिसत असलं तरी फेकायचं. लाल बादली धुवायची, करडी विसळायची, पांढरी जंतुनाशकाची, आणि झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे. उष्टी प्लेट ज्या हाताने उचलली तो हात धुतल्याशिवाय स्वच्छ प्लेटला लागायचा नाही. जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ पसरली तर शेकडो माणसं आडवी होतात, आणि ती रोखणारा पहिला माणूस म्हणजे ताट उचलणारा. दिवसाला दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण ती दोन तुकड्यांत देता येते, एक तुकडा सलग सहा तासांचा असला की झालं. तशी झोप घेऊन सकाळी सातला ताठ उभं राहून "गुड मॉर्निंग" म्हणायचं, सहा-आठ महिने, एकही रविवार न घेता. आमच्या घरात भाताची कापणी, मासेमारी ही मेहनत समजतात, आणि आहेच. मग हीसुद्धा आहे.

काही गोष्टी राहिल्या. दारूचं पॅकेज घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही, मी पीत नाही. जहाज लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन बरी. क्रूमध्ये आम्ही हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं खायचो. हात साबणानेच धुवा, दारावरचं सॅनिटायझर त्या साथीच्या विषाणूला पुरेसं नाही.

मी २०२० मध्ये उतरलो. कोरोनामुळे मार्चमध्ये प्रवासी गेले, आम्हाला मात्र उतरता आलं नाही. जून उजाडेपर्यंत रिकाम्या केबिनमध्ये एकेकटे होतो. नंतर पुन्हा गेलो नाही. तेव्हापासून दर बदललेत, टिप वाढली आहे, कंपनीनुसार फरक पडतो. युरोपी कंपन्यांची पद्धत वेगळी. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया घेतली असती तर जेवणाचा प्रश्नच नव्हता, तिथे जैन जेवणसुद्धा मिळतं. आणि सगळे मराठी प्रवासी त्या मुलासारखे नसतात. तुम्ही निघायच्या आधी विचारलंत, त्याने तेही विचारलं नसतं.

आईसाठी एवढं करा. पहिल्या संध्याकाळी टेबलावर बसल्याबरोबर वेटरला नाही, हेडवेटरला गाठा. दुसऱ्या दिवसाची ऑर्डर आदल्या रात्री द्यावी लागते. साधी तुरीची डाळ, लसूण-कांदा नको, पांढरा भात, गाळलेलं बिनमिठाचं लोणी, लिंबू, आणि वेगळं भांडं, असं त्याला लिहून घ्यायला लावा. हिंग मागू नका, तो आमच्या गॅलीत तरी कधी नव्हता.