प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनच्या विभागात) बोटं तुटण्याचे अपघात थांबवायला प्लांट हेडने नेमकं काय करावं?

शिफ्ट सुरू झाल्यावर अर्धा तास स्वतः मशीनसमोर उभे राहा. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेस दोन बटणं एकदम दाबल्यावरच चालते. त्यांपैकी एकात लाकडाची पाचर ठोकलेली दिसली, तर ऑपरेटरवर ओरडू नका. त्याचं तासाचं टार्गेट तपासा. दोन्ही हात वापरून ते गाठता येत नसेल, तर पाचर तुमच्या आकड्याने बसवली आहे. टार्गेट त्याच दिवशी कमी करा. शिवाय, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच, आणि दरवेळी दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक (प्रेसचा दाब) बसेल, असा रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) लावा.

लाइट कर्टनबाबत (हात आड आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) मोठी गफलत होते. जुन्या की-क्लच प्रेसचा रॅम (खाली येऊन दाब देणारा भाग) एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. तिथे कर्टन निरुपयोगी. बोट आत जाणारच नाही असा फिक्स गार्ड (पक्कं बसवलेलं आवरण) हवा. रॅम मध्येच थांबवू शकणारा न्यूमॅटिक (हवेच्या दाबाचा) क्लच असला तरी कर्टनपासून धोक्याच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा: हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरला आणि रॅम थांबायला ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात हात ४८ सेंटीमीटर पुढे जातो; कर्टन त्याहून लांब हवा.

डाय (साचा) बदलताना मेन स्विचला कुलूप, किल्ली सेटरच्याच (डाय बसवणाऱ्याच्याच) खिशात, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा टेकू). फ्लायव्हील (प्रेसचं जड फिरतं चाक) पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू देऊ नका.