गिटार गळ्यातून उतरली नाही

मागच्या अंकात बोलता बोलता रॉक गिटारिस्ट आणि गायिका लिटा फोर्डच्या ‘किस मी डेडली’ या १९८८ सालच्या गाण्याचा उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर तिलाच द्यायचं ठरवलं.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकते. तुमचा लेख वाचून तिनं लिटा फोर्डचे व्हिडिओ शोधून काढले आणि आता घरात दुसरं काही वाजत नाही. सासूबाई म्हणतात, गाणं शिकली असती तर चार लोकांत बसून म्हणता आलं असतं, हे कसलं कर्कश्श! मला तिला अडवायचं नाही. पण या वाटेनं मुलगी खरंच कुठे पोचते का? ती बाई कशी पोचली? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, ती पोचली, पण पहिल्या बँडपासून तेरा वर्षांनी. हा आकडा मुलीलाही सांगा. व्हिडिओत तिला फक्त तेरावं वर्ष दिसतंय.

लिटाचा जन्म १९५८ चा, लंडनचा. वडील इंग्रज, आई इटालियन. लहानपणीच घर अमेरिकेत आलं आणि ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला वाढली. अकराव्या वर्षी गिटार हातात आली. तिचे गुरू म्हणजे रेकॉर्ड : डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर, जिमी हेंड्रिक्स, ब्लॅक सॅबथ. घासून घासून तेच वाजवायचं. १९७५ मध्ये, सोळा वर्षांची असताना, ती ‘द रनअवेज’ या मुलींच्या बँडमध्ये लीड गिटारिस्ट म्हणून, म्हणजे गाण्यातले गिटारीचे सोलो तुकडे वाजवायला, गेली. १९७७ मध्ये जपानमध्ये या मुलींना पाहायला झुंबड उडाली होती. अमेरिकेत मात्र बहुतेकांनी त्यांच्याकडे एक नवलाई म्हणूनच पाहिलं. १९७९ मध्ये बँड मोडला. एकीला पंककडे जायचं होतं, लिटाला जड, घणघणीत रॉक हवं होतं.

यातली एक गोष्ट आई म्हणून तुम्हाला माहीत असायलाच हवी. त्या मुली अल्पवयीन होत्या आणि सगळा कारभार मोठ्या माणसांच्या हातात होता. त्यांच्या व्यवस्थापकाच्या वागण्याबद्दल बँडमधून पुढे फार गंभीर आरोप जाहीरपणे झाले. मुलीला सासूबाईंच्या टोमण्यांपासून वाचवायची फारशी गरज नाही, ती सहन करेल. तिच्यासोबत कार्यक्रमाला जा, पैशांचा कागद स्वतः वाचा, तालमीची जागा एकदा पाहून या. तुम्ही बरोबर असलात तर ती बिनघोर वाजवेल.

बँड मोडला तेव्हा लिटा वीस वर्षांची होती. आता स्वतःच्या नावानं उभं राहायचं तर गाणंही आपणच म्हणायला हवं, म्हणून तिनं गळा तयार करायला घेतला. हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लीड गिटार वाजवता वाजवता गाणं म्हणजे दोन वेगळ्या लयी एकाच अंगात ठेवणं. माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या तयारीच्या मुलांनाही ते जमायला वर्ष-वर्ष लागतं. १९८३ मध्ये तिचा पहिला अल्बम आला, ‘आउट फॉर ब्लड’. १९८४ मध्ये दुसरा, ‘डान्सिन ऑन द एज’. दोन्हींत वादन उत्तम, पण विक्री बेताचीच. तिसरा ध्वनिमुद्रित झाला आणि बाजारात आलाच नाही. कंपनी सुटली. बऱ्याच जणी इथेच थांबतात, आणि थांबल्या म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही.

मग तिला नवी कंपनी मिळाली, आरसीए. नवी व्यवस्थापक मिळाली, रॉक गायक ऑझी ऑस्बोर्नची बायको शॅरन ऑस्बोर्न. आणि माइक चॅपमन हा निर्माता मिळाला. सत्तरच्या दशकात सुझी क्वाट्रो या बास वाजवणाऱ्या मुलीची गाणी गाजवणाऱ्या जोडीतला हाच एक, ब्लाँडी या बँडच्या ‘पॅरलल लाइन्स’ अल्बमचा निर्माताही हाच. रेडिओवर काय टिकतं हे त्याला अंगानं कळत होतं. फेब्रुवारी १९८८ मध्ये ‘लिटा’ हा अल्बम आला. ‘किस मी डेडली’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम २९ व्या क्रमांकावर पोचला आणि पुढे प्लॅटिनम झाला, म्हणजे तिकडच्या मोजणीनं दहा लाख प्रती.

या सगळ्यात तिच्या वादनात काय बदललं? मी ते अल्बम एकापाठोपाठ एक ऐकलेत. बोटं तीच आहेत. बदललं ते गाणं. ‘किस मी डेडली’ तिनं लिहिलेलं नाही, मिक स्मायली या गीतकाराचं आहे, आणि त्याचं धृपद एकदा ऐकलं की विसरत नाही. आधी गाणं गिटारीच्या मागे धावायचं, आता गिटार गाण्याच्या पोटात शिरली. सोलो आहे, झणझणीत आहे, पण येतो, आपलं म्हणणं मांडतो आणि गाण्याला वाट करून देतो. आमच्याकडे भजनात पखवाज वाजवणारा जसा अभंगाचा शब्द झाकू देत नाही, तसं.

तेव्हा मुलीला रियाज करू दे, आणि सोबत गाणीही लिहू दे, वाईट का होईनात. आणखी एक. लिटाच्या आईवडिलांनी तिला कधी अडवलं नाही. १९९० च्या ‘स्टिलेटो’ अल्बममध्ये ‘लिसा’ नावाचं गाणं आहे, ते तिच्या आईवर आहे. एकदा मुलीशेजारी बसून ऐका.

प्रश्न : मॅडम, लिटा फोर्ड गाजली ती ऑझी ऑस्बोर्नबरोबरच्या गाण्यामुळे आणि तिच्या दिसण्यामुळे. गिटारिस्ट म्हणून तिला एवढं मोठं करणं योग्य आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय आणि दर वेळी मला राग येतो.

आधी तारखा पाहू. ‘किस मी डेडली’ १९८८ च्या उन्हाळ्यात गाजलं. त्यात ऑझी कुठेही नाही. ‘क्लोज माय आइज फॉरएव्हर’ हे दोघांचं गाणं १९८९ मध्ये आठव्या क्रमांकावर गेलं. ब्लॅक सॅबथचा मूळ गायक ऑझी तेव्हा जगभर गाजलेला होता, पण त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीतलं एकही गाणं तोवर अमेरिकेच्या त्या यादीत पहिल्या दहांत आलेलं नव्हतं. ते या गाण्यानं आलं. मग कोणी कोणाला हात दिला? माझ्या मते दोघांनी एकमेकांना.

गाणं जमलं कसं, ते लिटानं अनेकदा सांगितलंय. तिनं नवं घर घेतलं होतं म्हणून शॅरन आणि ऑझी स्टुडिओत भेट घेऊन आले : माणसाएवढा एक गोरिला! शॅरन कंटाळून निघून गेली. ही दोघं वाइन पीत बसली, बाजूच्या छोट्या खोलीत गिटार होती, आणि उजाडेपर्यंत गाणं झालं. गाण्याच्या श्रेयात दोघांची नावं आहेत. जुलै २०२५ मध्ये ऑझी गेला तेव्हा मी ते रात्री पुन्हा लावलं. त्या दोन आवाजांत लहान-मोठं कुणी नाही.

आता दिसणं. त्या दशकातल्या हार्ड रॉकमधले पुरुष फुगवलेले केस, लिपस्टिक आणि घट्ट चामडी कपडे घालूनच स्टेजवर यायचे. त्यांच्याविषयी ‘दिसण्यामुळे गाजले’ असं पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. लिटा तशी नटली, आणि गिटार गळ्यातून उतरवली नाही. तिचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहा, फक्त डावा हात पाहा. मग मला पुन्हा लिहा, मी वाट पाहीन.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या बँडमध्ये आहे. मुलं म्हणतात तू रिदम वाजव, लीड आम्ही. माझे हात लहान आहेत, तार बेंड करताना, म्हणजे दाबून बाजूला ओढताना, बोटं सोलतात. लिटासारखा आवाज काढायला कुठून सुरुवात करू? – कुडाळची एक वाचक

उत्तर : अगं, रिदमला, म्हणजे गाण्याखालच्या कॉर्ड आणि ठेक्याला, कमी समजू नकोस. रनअवेजमध्ये रिदम वाजवणारी जोन जेट १९८२ मध्ये ‘आय लव्ह रॉक एन रोल’ घेऊन सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, लिटाच्या सहा वर्षं आधी. पण तुला लीड वाजवायचं असेल तर ते कुणी द्यायची वाट पाहू नकोस. एक सोलो पूर्ण बसव आणि तालमीला जाऊन वाजव.

आता हात. नऊ गेजच्या बारीक तारा लाव, दहाच्या जाड काढून टाक. तारा फार उंच असतील तर दुकानात नेऊन अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, खाली करून घे. मी शिकले ती गिटार इतकी उंच तारांची होती की पहिली दोन वर्षं मला वाटायचं माझ्याच बोटांत दोष आहे. कुणी सांगितलंच नाही. बेंड एका बोटानं करू नकोस. अनामिकेनं तार दाब, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर टेकव, आणि मनगट फिरव, दाराचा लॅच फिरवतो तसं. ताकद मनगटातून येते, हात लहान असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बेंड केलेला स्वर बरोबर लागला का हे पाहायला आधी दोन फ्रेट पुढचा स्वर वाजव, तो कानात धर, मग बेंड करून तिथे पोच.

आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला येणारी ती खरखरीत धार, कमी ठेव. सुरुवातीला सगळे तो खटका शेवटपर्यंत फिरवतात. आवाज मोठा होतो आणि चुका झाकल्या जातात. आधी साध्या आवाजात, उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचे साधे कॉर्ड) वाजव, मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. मग थोडं थोडं डिस्टॉर्शन वाढव.

लिटाच्या हातातली ती टोकदार बीसी रिच गिटार पाहून तशीच घ्यावीशी वाटेल. आत्ता नको. त्या आकाराची गिटार बसून मांडीवर नीट राहत नाही, आणि तुझा रियाज बसूनच होणार आहे.

प्रश्न : तुम्ही स्वतः बाईला अशी गिटार वाजवताना प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी पाहिलंत? – एक वाचक, ठाणे

उत्तर : १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सनचा कार्यक्रम. सगळे त्याच्यासाठी आले होते, मीही. पण त्याच्या बँडमध्ये जेनिफर बॅटन होती आणि एकदा ती दिसल्यावर मी दुसरं काही पाहिलं नाही. दोन्ही हातांची बोटं गिटारीच्या मानेवर, पियानो वाजवावा तशी. मी फार मागे उभी होते, पडद्यावर जेवढं दिसलं तेवढंच. तोवर लिटाला मी कॅसेटवर ऐकलं होतं, दुबईहून आलेल्या मामेभावाच्या. हे डोळ्यांसमोर होतं.

पुण्याला पोचले ती दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात सगळे चहा घेत होते. मी मधल्या खोलीत जाऊन, अँप न लावता, उजव्या हाताचं मधलं बोट बाराव्या फ्रेटवर आपटून पाहिलं. स्वर आला. अगदी बारीक, पण आला. तेव्हा माझी नोकरी लागलेली होती आणि गिटार दोन महिने पेटीत होती. त्या दिवसापासून ती पुन्हा पेटीत गेली नाही.