वाचकांचे प्रश्न, वाहनतज्ज्ञांची उत्तरे: जुन्या पिकअपला सॉलिड फ्रंट ॲक्सल

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळ राहतो. माझ्याकडे १९८९ सालचा टोयोटा पिकअप आहे. फोर-व्हील ड्राइव्ह, २२आरई इंजिन आणि पाच गिअर. सिएरा नेवाडा पर्वतातील खडकाळ रुबिकॉन ट्रेलवर ही गाडी न्यायची माझी इच्छा आहे. तिचे पुढचे इंडिपेंडंट सस्पेन्शन (ज्यात प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते) काढून तेथे १९८३च्या पिकअपचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) बसवावा, असे मित्र सुचवतात आणि तसा एक ॲक्सल भंगारवाल्याकडे उपलब्धही आहे. तो माझ्या गाडीला बसेल का? वेल्डिंग मला येते, पण असे काम मी पूर्वी केलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपण निवडलेला ॲक्सल योग्य घराण्यातला आहे. टोयोटाने अमेरिकेत फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप १९७९च्या मॉडेलपासून विकायला सुरुवात केली, तेव्हा पुढे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला सॉलिड ॲक्सल होता आणि तो १९८५पर्यंत टिकला. १९८६च्या मॉडेलपासून त्याची जागा टॉर्शन बारच्या (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) इंडिपेंडंट सस्पेन्शनने घेतली. अमेरिकेबाहेरच्या काही बाजारांत मात्र हायलक्स या नावाने हीच गाडी पुढेही बरीच वर्षे सॉलिड ॲक्सलसह मिळत राहिली. म्हणजे आपण गाडीला काही परके जोडत नसून तिच्याच आधीच्या पिढीचा भाग परत देत आहात, आणि त्यामुळे बऱ्याच गोष्टी आपसूक जुळतात. दोन्ही पिढ्यांत पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा शाफ्ट उजव्या बाजूने उतरतो, त्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) बदलावा लागत नाही. चाकांना दोन्हीकडे सहाच बोल्ट असून त्यांच्या वर्तुळाचे मापही एकच आहे.

जुळत नाही ती रुंदी. १९८६पासून टोयोटाने मागचा ॲक्सलही सुमारे तीन इंचांनी रुंद केला, त्यामुळे १९८३चा पुढचा ॲक्सल आपल्या मागच्या ॲक्सलपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण दीड इंच आत राहील. यावर सोपा उपाय स्पेसरचा, म्हणजे चाकामागे घालायच्या जाड चकतीचा आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे आपल्याच गाडीवरून काढलेले हब (चाक ज्यावर बसते तो भाग) सॉलिड ॲक्सलवर चढवणे. ते मुळातच चाकाला बाहेर ढकलतात, मात्र त्यांच्याबरोबर योग्य डिस्क निवडावी लागते. डिफरन्शियलकडेही लक्ष द्यावे. आपल्या गाडीच्या पुढच्या डिफरन्शियलमधील क्राउन (मोठा गिअर) साडेसात इंचांचा आहे, तर सॉलिड ॲक्सलमधला आठ इंचांचा, त्यामुळे आतले सामान इकडचे तिकडे लावता येणार नाही. पुढचे आणि मागचे गिअरचे गुणोत्तर मात्र एकच असले पाहिजे. भंगारवाल्याच्या शब्दावर विसंबू नये. क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांचे दात स्वतः मोजावेत. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे १० दात भरले, तर गुणोत्तर ४.१० आहे. पुढे-मागे गुणोत्तर वेगळे असेल, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच गाडी स्वतःशीच झगडू लागते आणि दोहोंपैकी एक डिफरन्शियल तुटते.

ॲक्सल विकत घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या नकलवरचे (ॲक्सलच्या टोकाला चाकासह वळणाऱ्या भागावरचे) झाकण उघडून पाहावे. आतले ग्रीस पातळ आणि काळपट झाले असेल, तर हाऊसिंगमधील (ॲक्सलच्या पोकळ कवचातील) गिअर ऑइल आतल्या सीलमधून नकलमध्ये उतरले आहे. त्याने ॲक्सल बाद होत नाही, पण सील, ट्रनियन बेअरिंग (ज्यांवर नकल वळते) आणि बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकालाही शक्ती पोचवणारा सांधा) यांची पूर्ण दुरुस्ती करावीच लागेल, असे धरून किंमत ठरवावी. हे काम ॲक्सल गाडीखाली जाण्यापूर्वी, टेबलावर, उजेडात करावे.

आता एक प्रश्न मी आपल्यालाच विचारतो, कारण तो विचारल्याशिवाय पुढचे सांगणे मला योग्य वाटत नाही. ही गाडी महिन्यात किती दिवस दगडांवर असेल आणि किती दिवस महामार्गावर? सॉलिड ॲक्सलचा खरा लाभ खडकाळ वाटेवर मिळतो. एक चाक दगडावर चढले की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे चारही चाके जमिनीला धरून राहतात. शिवाय डिफरन्शियल चाकांबरोबरच वर-खाली होत असल्याने त्याच्याखालची मोकळी जागा सस्पेन्शन दबले तरी कमी होत नाही. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चासीला बांधलेले असते. गाडी दबली की तेही खाली येते. त्यातच टॉर्शन बार पिळून गाडी उंचावली, तर सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे शक्ती नेणाऱ्या वाकत्या सांध्याचा) कोन वाढतो, चाकाला आणखी खाली लोंबायला जागा उरत नाही आणि या पिढीच्या स्टिअरिंगमधील नाजूक दुवा, म्हणजे आयडलर आर्म, लवकर झिजतो. पण महामार्गावर चित्र उलटे होते. सॉलिड ॲक्सलचे स्प्रिंगखालचे वजन जास्त असते आणि एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकाला व स्टिअरिंगलाही जाणवतो. रोज कामावर जाण्याची हीच गाडी असेल, तर ३१ इंची टायर, मागे एक लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे डिफरन्शियलचे कुलूप) आणि नीट दुरुस्त केलेले मूळ सस्पेन्शन यांवर आपण समाधानी राहाल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तरीही करायचे ठरले, तर पहिले काम कापण्याचे नाही, मोजण्याचे आहे. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना पुढच्या चाकांचे मध्यबिंदू ओळंबा सोडून फरशीवर उतरवावेत, चासीवरचे चार पक्के बिंदू त्याच पद्धतीने खाली आणावेत आणि कर्ण मोजून चासी सरळ आहे याची खात्री करावी. कंट्रोल आर्मचे आधार एकदा कापले की जुना ॲक्सल कोठे होता, हे सांगणारी एकही खूण गाडीवर उरत नाही. मोठा टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासू नये, म्हणून बहुतेक जण नवा ॲक्सल एक-दोन इंच पुढे घेतात. तो किती घ्यायचा, तेही याच खुणांवरून ठरते.

त्यानंतर जुने आधार कापून, चासी घासून साफ करून पाट्यांचे हँगर (पाटे चासीला धरणारे आधार) लावायचे. पुढचे टोक स्थिर आणि मागचे टोक शॅकलवर (झुलत्या दुव्यावर), ही रचना आपल्या कामासाठी ठीक आहे. मात्र पाटा दबून लांब होतो तेव्हा ॲक्सल मागे सरकतो, म्हणून पुढच्या शाफ्टच्या सरकत्या जोडात तेवढी जागा ठेवावी लागते. येथे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे: हँगर, शॅकलची नळी, ॲक्सलवरच्या पाट्यांच्या बैठकी आणि स्टिअरिंग बॉक्सची पट्टी, यांतील कशालाही पूर्ण वेल्डिंग करू नये, सगळ्यांना फक्त टाके (ठिपक्यांएवढे तात्पुरते वेल्ड) मारावेत. इंजिन, बंपर, बॅटरी आणि विंच (केबलने गाडी ओढणारे यंत्र) लावणार असाल तर विंचही जागेवर असताना, खरी चाके लावून, गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्यावे आणि मगच कोन मोजावेत. रिकाम्या चासीवर बरोबर वाटलेला कोन वजन आल्यावर दोन-तीन अंशांनी सहज बदलतो.

कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या पुढे-मागे झुकण्याचा, कोन महत्त्वाचा आहे. नकलचा वरचा टोक-बिंदू खालच्या बिंदूपेक्षा मागे असला, तर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. मोठ्या टायरसाठी ४ ते ६ अंशांच्या आसपास कॅस्टर ठेवणे मला सुरक्षित वाटते. पण कॅस्टर वाढवण्यासाठी हाऊसिंग मागे फिरवले की पिनियनचे तोंड खाली जाते, तर उंचावलेल्या गाडीत शाफ्टला ते ट्रान्सफर केसकडे, म्हणजे वर, हवे असते. दोन्ही गरजा एकाच हाऊसिंगमध्ये एकमेकींच्या विरुद्ध खेचतात. उंची मर्यादित ठेवली, तर मधला कोन सापडतो. गाडी फार उंच केली, तर हाऊसिंगची गोल टोके कापून, फिरवून पुन्हा जोडावी लागतात. ते काम जिगशिवाय (भाग अचूक कोनात धरणाऱ्या साच्याशिवाय) घरी करू नये.

स्टिअरिंगच्या बाबतीत आपल्या गाडीचा एक लाभ आहे. तिच्या पॉवर स्टिअरिंग बॉक्सचा हात आडवा, डावी-उजवीकडे फिरतो, म्हणून ड्रॅग लिंक (बॉक्सचा हात आणि नकल यांना जोडणारा दांडा) डावीकडून उजव्या नकलपर्यंत आडवी नेता येते. ॲक्सल वर-खाली होताना ड्रॅग लिंकचे नकलकडील टोक बॉक्सकडील टोकाभोवती कमानीत फिरते. लिंक जवळजवळ आडवी असेल, तर या कमानीत बाजूला सरकणे नगण्य असते. ती तिरपी असेल, तर प्रत्येक खड्ड्यात चाके स्वतःहून वळतात आणि चालकाला वाटते की रस्ता गाडी ओढतो आहे. म्हणून नकलच्या माथ्यावर बसणारे उंच स्टिअरिंग आर्म वापरून लिंक आडवी आणावी. पाटे पूर्ण दबले असता ती ऑइल पॅनला किंवा पाट्याला टेकत नाही, हे जॅक लावून प्रत्यक्ष पाहावे. बॉक्सचे बोल्ट चासीच्या पोकळ पेटीतून जातात तेथे आत नळ्या घालून त्या वेल्ड कराव्यात, अन्यथा बोल्ट आवळताना पेटी चेपते आणि बॉक्स कालांतराने सैल होतो. उंच आर्म धरणारे चारही स्टड शंकूच्या आकाराच्या वॉशरसह, ठरलेल्या टॉर्कने आवळावेत आणि पहिल्या ट्रेलनंतर पुन्हा तपासावेत. हे स्टड सुटले, तर चाकावरचा ताबाच जातो.

ब्रेकच्या लवचीक नळ्या ॲक्सल पूर्ण लोंबल्यावरही ताणल्या जाऊ नयेत, एवढ्या लांब घ्याव्यात. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवावी आणि इंधनाची नळी दूर बांधावी. उंचीबाबत कॅलिफोर्नियाच्या कायद्यात चासीच्या उंचीची मर्यादा वजनगटानुसार आहे: ट्रकचे कमाल अधिकृत वजन ४,५०० पौंडांपर्यंत असल्यास २७ इंच आणि त्यापुढे ७,५०० पौंडांपर्यंत ३० इंच. आपल्या गाडीचा गट दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पाहून मगच पाटे मागवावेत.

प्रश्न : मी नेवाडातील रीनो येथे राहते. आम्ही १९८७ सालचा, आधीच सॉलिड ॲक्सल बसवलेला पिकअप घेतला. ताशी ४५ मैलांच्या वर एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग इतके जोरात थरथरते की गाडी थांबवावी लागते. ज्या गॅरेजमध्ये हे काम झाले होते, तेथे स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बदलून दिला. महिनाभर बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. कारण काय असावे?

उत्तर : डॅम्परने लक्षण झाकले गेले, कारण तसेच राहिले. दुरुस्ती होईपर्यंत कृपया ही गाडी महामार्गावर नेऊ नये. या ॲक्सलमध्ये मी प्रथम ट्रनियन बेअरिंगचा ताण पाहतो. टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) सोडून, नकल स्प्रिंग-काट्याने ओढून पाहावी. ती अगदी सैल फिरत असेल, तर शिम (पातळ चकत्या) कमी करून ताण वाढवावा लागतो. त्यानंतर एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. टाय रॉडच्या टोकांतील, चासीवरच्या बॉक्समधील आणि पाट्यांच्या बुशमधील खेळ असाच हाताला लागतो. मग कॅस्टर मोजावा. तो दोन अंशांच्या खाली असेल, तर बाकी सर्व नवे घातले तरी थरथर परत येईल आणि पाट्यांच्या बैठकी कापून पुन्हा बसवणे, हाच खरा उपाय उरेल. टायरचे बॅलन्सिंग शेवटी करावे, पण टाळू नये.

प्रश्न : मी नाशिकचा वाचक आहे. माझ्याकडे महिंद्रा थार सीआरडीई असून तिला पुढे टॉर्शन बारचे सस्पेन्शन आहे. असा बदल येथे करून घेता येईल का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या करता येईल, पण मी तो सुचवणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. ज्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही अवलंबून आहेत असा ॲक्सल विनापरवाना बदलल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहतो. आपल्याला सॉलिड ॲक्सलच हवा असेल, तर तो कारखान्यातूनच घेऊन आलेली जुनी एमएम ५४० शोधावी. ती पाहायला जाताना पुढच्या नकलमधून ऑइल गळते का, पाट्यांच्या शॅकलमध्ये खेळ आहे का, हे तपासावे आणि नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.