ट्रक रेल्वेवर कसा चढतो? कोकण रेल्वेच्या मालवाहतुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोलाडजवळ ट्रकांनी भरलेली मालगाडी बऱ्याचदा दिसते, पण क्रेन कुठेच दिसत नाही. एवढे भरलेले ट्रक वर चढवतात कसे? (महाड)

क्रेन लागतच नाही. रो-रो, म्हणजे ‘रोल ऑन, रोल ऑफ’ : ट्रक स्वतःच्या चाकांवर चढतो आणि स्वतःच्या चाकांवर उतरतो. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ही सेवा सुरू केली, पुढे ती कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत नेली. वापरतात त्या वॅगनी खास ट्रकसाठी बनवलेल्या नाहीत. मुळात त्या रूळ वाहून नेण्याच्या सपाट वॅगनी. नाव ‘बीआरएन’ : बी म्हणजे बोगी, आर म्हणजे रेल, एन म्हणजे एअर ब्रेक.

रेकच्या, म्हणजे जोडलेल्या वॅगनींच्या रांगेच्या, टोकाला उताराचा रॅम्प असतो. ट्रक तिथून चढतो आणि सपाट वॅगनींवरून सरळ चालत पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दोन वॅगनींमधली फट पोलादी पट्ट्यांनी झाकलेली असते. पहिला ट्रक सगळ्यात पुढे, त्याच्या मागे दुसरा, अशी रांग लागते. एका गाडीत सुमारे ५० ट्रक मावतात. या पद्धतीचा तोटाही रांगेचाच. मधला एक ट्रक उतरताना सुरू झाला नाही, की मागचे सगळे अडकले. बॅटरी उतरलेला किंवा एअर ब्रेकची हवा गळणारा ट्रक म्हणूनच इथे सगळ्यांना डोकेदुखी होतो. हवेचा दाब भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत आणि ट्रक जागचा हलत नाही.

चढवण्याआधी वजन आणि उंची तपासतात. वर जागेवर गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये ठेवलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि साखळीने बांधणी. नुसता हँडब्रेक पुरत नाही, कारण गाडी सुटताना आणि थांबताना कपलिंगचे (वॅगनी जोडणाऱ्या दुव्यांचे) धक्के पुढून मागे जातात आणि ट्रक स्वतःच्या स्प्रिंगांवर झुलतो. साखळी आवळायची ती चॅसीला किंवा अ‍ॅक्सलला, मालाच्या बॉडीला नाही.  ताडपत्री तर सर्वांत आधी बघावी. बोगद्यात शिरताना हवेचा झोत असा बसतो की महामार्गावर टिकलेली गाठ इथे सुटते.

ड्रायव्हर आणि क्लीनर ट्रकसोबतच जातात. रात्रभर त्यांना स्टिअरिंग धरावं लागत नाही, टायर झिजत नाहीत, परशुरामसारखे घाट चढावे लागत नाहीत. वाहतूकदाराला परवडतं ते या बचतीमुळे.

प्रश्न : मग ही सेवा थेट न्हावा-शेव्यापासून का नाही? कोलाडच का? आणि देशात सगळीकडे का नाही? (पनवेल)

कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि कोलाड हे त्यातलं पहिलं स्थानक. शिवाय ते मुंबई–गोवा महामार्गाला लागून. वेर्णा आणि सुरतकलही कोकण रेल्वेच्याच हद्दीत. दोन्ही टोकं घरातली असली की गाडी, मार्ग आणि मोजमापं एकाच हातात राहतात. रोह्याच्या उत्तरेला मध्य रेल्वे लागते.

खरा अडसर मात्र उंचीचा. भारतात ब्रॉडगेजवर नेहमीच्या मालाची मापं ठरलेली आहेत : मध्यभागी रुळापासून ४.२६५ मीटर उंच, रुंदी ३.२५ मीटर. वॅगनचा तळ रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास, त्यावर साधारण ३.४ मीटरचा ट्रक धरला तर बेरीज ४.६ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे ट्रक चढलेली प्रत्येक गाडी ही नियमाच्या चौकटीबाहेरची गाडी. जिथले बोगदे, पूल, फलाटावरची छपरं तपासून मोकळी ठरली आहेत तिथेच ती चालवता येते. कोकणचा मार्ग नव्वदच्या दशकातला, बोगदे प्रशस्त, म्हणून जमलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घाटातल्या बोगद्यांत हेच करायला गेलं तर भिंती खरवडतील.

२०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आता ट्रकच्या टपाच्या वरून २५,००० व्होल्टची तार जाते. या तारेला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. ताडपत्री ठीक करायला टपावर चढायचं नाही, लोंबणारा दोर ठेवायचा नाही, केबिनवर अँटेना असेल तर काढायची. दर ट्रिपला हे सांगावं लागतं, आणि सांगितलंच पाहिजे.

प्रश्न : मार्ग होऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी मालगाड्या कमीच. कोकण रेल्वे मालवाहतुकीत कमी का पडते? (रत्नागिरी)

मार्ग एकेरी आहे, हे मूळ कारण. रोहा ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटर, आणि दुहेरी झालाय तो फक्त रोहा ते वीर हा ४६.८ किलोमीटरचा तुकडा, २०२१ मध्ये. उरलेल्या मार्गावर समोरून गाडी आली की एकीने लूपमध्ये, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, थांबायचं. पूर्ण लांबीच्या मालगाडीला सुमारे ६८६ मीटरची मोकळी लूप लागते. ती नसेल तर मालगाडी त्या स्थानकात क्रॉसिंगसाठी घेताच येत नाही. थांबायची पाळी नेहमी मालगाडीवर येते, कारण राजधानी किंवा मांडवी एक्सप्रेस तिच्यासाठी थांबणार नाही. सापे वामणे, कळंबणी, कडवई, वेरवली, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानकं याच कारणाने काढली. दोन स्थानकांमधलं अंतर कमी झालं की थांबणं कमी होतं. पण क्रॉसिंग म्हणजे दुहेरी मार्ग नव्हे, ते दुखण्यावरचं मलम.

चढ मात्र कारण नाही. मार्गावरचा सर्वांत कडक चढ १५० ला १ इतकाच आहे. डोंगरातून जाणाऱ्या मार्गाला इतका सौम्य चढ मिळाला, कारण ९० वर बोगदे काढले, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. जड गाडी ओढायला मार्ग उत्तम, पण वाहायला माल कुठे? कोकणात खाण-कारखान्यांचा अवजड माल मर्यादित, आणि गोव्याचं लोहखनिज तर मांडवी-झुआरीतून बार्जने मुरगाव बंदराला जायचं. त्यामुळे इथला बराच माल केवळ वाटसरू : उत्तरेकडून दक्षिणेला जाणारा.

प्रश्न : पावसाळ्यात गाड्या इतक्या हळू का धावतात? इतकी वर्षं झाली, तरी दरडी थांबल्या नाहीत? (कणकवली)

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांनी जीवघेणे अपघात झाले. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक हा या मार्गाचा कायमचा भाग झाला. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं.

अडचण जमिनीतच आहे. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती. जांभ्यातून पाणी सहज झिरपतं, मातीत पोचलं की बाहेर जायला वाट मिळत नाही. माती फुगते, घसरते आणि वरचा जांभा घेऊन येते. पेडण्याच्या बोगद्याने बांधकामाच्या वेळी छळलं ते याच मातीमुळे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै २०२४ मध्ये आत चिखलपाणी आलं.

उपाय अनेक केले आहेत : कटिंगचे (मार्गासाठी कापलेल्या डोंगराचे) उतार कमी करणं, टप्पे काढणं, दगड अडवायला जाळ्या, जमिनीत लोखंडी सळ्या ठोकणं, सिमेंटचा फवारा, वाळा लावणं. पण या सगळ्यांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कटिंगच्या माथ्यावरचं गटार. पाणी उतारावर यायच्या आधीच ते वळवतं. ते गाळाने भरलं की जाळी असो की सिमेंट, मागे पाण्याचा दाब साठतोच.

शिवाय माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडुरे अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात. पाऊस जोरात आणि समोर दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटर. मालगाडीला याचा फटका दुहेरी : ती हळू चालते, आणि उशिरा आलेल्या प्रवासी गाड्यांना वाट देत आणखी थांबते.

प्रश्न : कोकण रेल्वे भारतीय रेल्वेपासून वेगळी कशी? आणि भाडं जास्त का? (सावंतवाडी)

१९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र महामंडळ झालं. मूळ भागीदारी केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६, केरळ ६. बांधणीचा बहुतांश पैसा कर्जरोख्यांचा. ते फेडायला भाड्याचं अंतर फुगवून मोजतात : प्रवाशाच्या तिकिटावर १०० किलोमीटरचे १४० होतात. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला गोवा, कर्नाटक आणि केरळने आधीच होकार दिला होता, महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिला.

प्रश्न : गणपतीला कारही रेल्वेवरून नेता येते म्हणे. फायद्याचं आहे का? (ठाणे)

ऑगस्ट २०२५ मध्ये ही सोय सुरू झाली. तेव्हा कोलाड ते वेर्णा एका कारचे ७,८७५ रुपये होते, गाडीत ४० कार, किमान १६ कारची नोंदणी झाली तरच गाडी निघणार होती. दुपारी २ ला कोलाडला हजर व्हायचं होतं, ५ ला गाडी, पहाटे वेर्णा. कारमागे तीन माणसं, तीही जोडलेल्या डब्यात आणि वेगळ्या तिकिटावर. ठाण्याहून कोलाडपर्यंत शंभराच्या आसपास किलोमीटर गाडी चालवायचीच आहे. चौघांचं कुटुंब असेल तर चौथ्याचं काय, हा प्रश्न उरतो. आणि कणकवली-कुडाळला जाणाऱ्याने गोव्यापर्यंत जाऊन उलटं यायचं? ही ओरड झाली म्हणून नांदगाव रोडला थांबा दिला. गोव्यालाच जायचं असेल आणि रात्री गाडी चालवायची नसेल तर ठीक, एरवी हिशेब जुळत नाही.