पहिलं काम निघालं ना, आता आधी पावसात चालून ये

भाऊ,

मेसेज वाचला, शिवार रस्त्याचं पहिलं टेंडर तुझ्या नावावर निघालं, जीव सुखावला बघ. पण तू विचारतोस मुरूम कोणत्या खाणीचा घेऊ, डंपरवाला काय रेट लावेल. ते मागाहून. अजून परतीचा पाऊस बाकी आहे, एक दिवस पाऊस चालू असताना तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चाल आणि जिथं पाणी उभं राहतं तिथं खुंटी ठोक. तुझं खरं इस्टिमेट तेच.

मी हे चुकलोय. चोपड्याकडे सव्वा किलोमीटरचं काम, मार्च एंडची घाई, खड्ड्यांत मुरूम ओतला, वरून थर पसरला, रोलर फिरवला, फोटो काढले, बिल निघालं. जुलैत गेलो तर खड्डे त्याच जुन्या जागी, आणि केळीची आयशर चाकं रुतून उभी, मालासकट दुसरा दिवस. ज्याचा माल होता तो शेतकरी मला एक शब्द बोलला नाही, नुसता घडांवरून हात फिरवत होता, पिवळे पडायला लागले होते ते. अजून डोळ्यासमोर आहे.

का झालं ते सांगतो. जुना खड्डा म्हणजे कडक वाटी, त्यात नवा मुरूम टाकला तरी तो खालच्याला धरत नाही, पाणी मुरतं, खाली आपली काळी माती, ती फुगते आणि लोण्यासारखी होते, वरचं सगळं बसतं. म्हणून आधी रिपर, म्हणजे मशीनचे उखडायचे दात, लावून जुना थर खड्ड्याच्या तळापर्यंत उखड. साईडपट्टी बघ, ट्रॅक्टरच्या चाकांनी वर्षानुवर्षं मुरूम कडेला फेकलेला असतो, त्यावर गवत वाढतं आणि रस्ता खाली नि कडा वर, म्हणजे नालाच झाला की. तो कडेचा मुरूम तुझाच आहे, गवत-मुळ्या काढून ब्लेडने मधे ओढ, मग कमी पडेल तेवढाच नवा आण. हिशोब सोपा आहे, ३ मीटर रुंद, १ किलोमीटर, दाबून १० सेंटीमीटर थर म्हणजे ३०० घनमीटर, १०६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि सुटा माल साधारण पाव पट जास्त लागतो. नवा मुरूम थोडी चिकट लाल माती असलेला घे, नुसता भुसभुशीत उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो. काळी माती मिसळलेला डंपर मात्र परत पाठव, कितीही स्वस्त देत असला तरी.

पाण्याचं टँकरवाल्यावर सोडू नको. मूठभर माल दाबून बघ, गोळा टिकला आणि तळहात ओला झाला नाही की रोलर बोलाव. रोलर कडेकडून मधे आण, मधून सुरू केला तर माथा बसतो. कॅम्बर, म्हणजे माथ्यापासून दोन्ही कडांकडे उतार, ४ टक्के ठेव, म्हणजे ३ मीटरच्या रस्त्याला मधला माथा कडांपेक्षा ६ सेंटीमीटर वर, दोरी लावून स्वतः मोज, ऑपरेटर "झालं शेठ" म्हणाला म्हणून सोडू नको.

गटारीचं सगळ्यात अवघड, कारण तिथं माणसं येतात. नांगरताना बांध पुढे सरकतो आणि गटार बुजते, मग एखादा म्हणेल माझ्या वावरात पाणी सोडू नका. जेसीबी यायच्या आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बस, चहा घे, पाणी नाल्यापर्यंत कुठून न्यायचं ते त्यालाच विचार, त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मोरीचं तोंड बुजलेलं असेल तर ते पहिल्याच दिवशी मोकळं कर.

थराथराचं मोजमाप जेईंकडून, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याकडून, एमबीत (मोजमाप वहीत) वेळच्या वेळी चढवून घे, मुरमावर सरकारला भरलेल्या रॉयल्टीच्या पावत्या एका फाईलीत ठेव.

पाऊस आला की फोन कर, मी येतो सोबत. खुंट्या जास्त घे, आणि एक कुदळ.

तुझा नाना