आधी उंदराकडे बघ

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात उत्साह दिसला, दुसऱ्यात घाई. अभ्यासक्रमांची तुलना करून झाली आहे, पुढच्या दहा वर्षांचा आराखडाही तयार आहे, आणि अगदी शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलं आहेस, 'बिहेवियरल न्यूरोसायन्समध्ये नेमकं करायचं काय असतं?' मेंदू आणि वर्तन यांचं नातं शोधणारा हा विषय. मी तिथूनच सुरुवात करते.

बघायचं असतं. पदवीच्या वर्षांत तरी मुख्य काम तेच. मेंदूचे रंगीत फोटो बघून मुलं या विषयाकडे येतात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांच्या हातात येतं एक स्टॉपवॉच.

माझंही तसंच झालं. दुसऱ्या वर्षाला होते. वरून उघडी, चारही बाजूंना भिंती असलेली एक मोठी पेटी, तिच्यात सोडलेला पांढरा उंदीर, आणि पाच मिनिटं त्याची नोंद करायची. मी वहीत लिहिलं, 'उंदीर घाबरला आहे.' बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि 'घाबरला' या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

"हे कुठे दिसलं तुला?"

"कोपऱ्यात बसलाय ना."

"मग तेच लिही. किती सेकंद बसला?"

सेकंद मोजलेच नव्हते. दुसरा उंदीर घेऊन परत सुरुवात केली. भिंतीला अंग घासत दोन फेऱ्या. मधल्या चौकोनात एकदाच पाऊल, तेही लगेच मागे. तीनदा मागच्या पायांवर उभा. एकदा पुढच्या पंजांनी तोंड पुसलं. चार लेंड्या. ही झाली नोंद. यातून भीतीचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज आपला असतो. दिवा फार प्रखर असेल, कदाचित उंदीर नुकताच झोपेतून उठवला असेल. त्या दिवशी हे सगळं मला कीस पाडणं वाटलं होतं.

या कीस पाडण्यातून काय निघतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सांगते. 1954 मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूत बसवलेली एक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारी बारीक तार, ठरलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली होती. विजेचा हलका झटका मिळाला की तो उंदीर, जिथे झटका मिळाला त्याच जागी परत परत यायला लागला. पुढे उंदरांना तरफ दिली, तर ते स्वतःच ती दाबून झटके घेत राहिले. लोकांनी याला मेंदूतलं 'सुखाचं केंद्र' म्हटलं. नंतर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव त्याला जोडलं गेलं आणि 'डोपामिन म्हणजे आनंद' हे वाक्य जे सुटलं ते आजतागायत सुटलेलंच आहे. तुझ्या पत्रातही ते आहे, पान दोन.

आता पुढचा भाग. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस असे उंदीर अभ्यासले ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेलं होतं. असे उंदीर अन्नाकडे वळतसुद्धा नाहीत, समोर ठेवलं तरी उपाशी राहतात. आनंद संपला, म्हणून इच्छा संपली, असंच कुणीही म्हटलं असतं. पण यांनी त्या उंदरांच्या तोंडात साखरेच्या पाण्याचे थेंब सोडले आणि तोंडाकडे बघत बसले. गोड लागलं की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, कडू लागलं की तोंड वासतो. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही असंच दिसतं. डोपामिन नसलेले उंदीर साखर लागली की ओठ चाटतच होते, अगदी इतर उंदरांसारखे. म्हणजे गोडी शाबूत होती, तिच्यासाठी उठून जाणं संपलं होतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. व्यसनी माणसाला जी वस्तू आता फारशी सुख देत नाही, तिच्यासाठी तो एवढा का तडफडतो, या प्रश्नाकडे बघायची नजरच त्यामुळे बदलली. आणि हे कळलं जिभेच्या हालचाली मोजून.

म्हणून माहितीपत्रक उघडशील तेव्हा स्कॅनर किती मोठा आहे ते नंतर बघ. वर्तनाचं प्रॅक्टिकल किती तास आहे, ते कोण घेतं, आणि पदवीच्या मुलांना खऱ्या प्रयोगात हात घालू देतात का, हे आधी विचार.

बाकी अभ्यासक्रमाचं थोडक्यात. जीवशास्त्र आणि मानसशास्त्र असणार हे तुला माहीत आहे. रसायनशास्त्र सुटत नाही, कारण औषधांचा पेपर त्याच्याशिवाय पाठांतर होऊन बसतो. गणिताची भीती वाटते म्हणालीस. शांत असलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असतात. हा आकडा कुठून येतो हे समजायला लॉगरिदम लागतं, फार त्यापुढे नाही. (अँड्र्यू हक्सली या शास्त्रज्ञानं चेतापेशीतल्या विद्युत लहरीची समीकरणं हातानं फिरवायच्या यंत्रावर सोडवली, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी सहा महिने बंद होता. 1952 चं काम, 1963 चं नोबेल. तुझ्याकडे लॅपटॉप आहे.)

संख्याशास्त्र मात्र दातओठ खाऊन कर. मी ते पहिल्यांदा जेमतेम काठावर पास झाले आणि त्याची किंमत पुढे मोजली. एका प्रयोगात माझे सोमवारचे उंदीर बाकीच्या दिवसांपेक्षा भित्रे निघायचे. ('भित्रे' म्हणजे मधल्या चौकोनात कमी जाणारे; सवय लागली बघ.) मी औषध दिलेले उंदीर सोमवारी आणि न दिलेले गुरुवारी तपासत होते आणि औषधाचा परिणाम सापडला म्हणून हुरळून गेले होते. सहा आठवड्यांनी कळलं की पिंजरे सोमवारी सकाळी बदलले जातात. नवा भुसा, नवा वास, उचलाउचल. माझं औषध म्हणजे ती साफसफाई होती. दोन्ही गट सगळ्या वारांत वाटायचे, एवढं साधं तत्त्व मी परीक्षेत लिहून आले होते आणि टेबलावर विसरले.

माझ्यापेक्षा जुनी फजिती 1963 ची आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी प्रॅक्टिकलच्या विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, हे हुशार वंशाचे आहेत. काहींना, हे मठ्ठ. प्रत्यक्षात सगळे एकसारखेच होते. तरी 'हुशार' उंदीर चक्रव्यूह लवकर शिकले. कुणी खोटं लिहिलं असेलच असं नाही. आपल्या उंदराकडून अपेक्षा असली की त्याला हाताळणारा हातही मऊ होतो. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम यासाठीच.

एक गोष्ट कोणतंही माहितीपत्रक ठळक छापत नाही. या विषयातल्या बऱ्याच लॅबमध्ये प्राणी मारावे लागतात, कारण मेंदू कापून बघायचा असतो. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. पुढे थरथर थांबली, आणि तेव्हा मला स्वतःचीच जरा भीती वाटली. शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, हे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडलेलं सूत्र आज नियमांत आहे, पण प्रत्येकानं आपापली सीमा स्वतःच ठरवायची असते. तुला हे जमणार नसेल तर त्यात कमीपणा नाही. डोक्यावरून मेंदूतल्या विजेची नोंद घेणारं, माणसांवरचं ईईजी आहे, माश्या आणि कृमी आहेत, संगणकावरची प्रतिमानं आहेत. फक्त प्रवेश घेण्याआधी याचा विचार कर. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

आणि भावाच्या आजारामुळे या विषयाकडे वळते आहेस असं लिहिलं आहेस, त्याबद्दल. वर्गात बसशील तेव्हा लक्षात येईल, बरेच जण कुणाला तरी मनात घेऊन आलेले असतात. कारण चांगलं आहे, पण आजारांचा पेपर येतो त्या सत्रात घरच्यांची निदानं करू नकोस. त्याचं औषध कुठल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुठल्या जागी चिकटून, काम करतं हे तुला कळेल. त्याला ते औषध का लागू पडतं किंवा पडत नाही, हे बहुतेकदा त्याच्या डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. त्याला बहीण हवी आहे.

नोकरीचं सरळ सांगते. नुसत्या या पदवीवर कुणाचे उपचार करता येत नाहीत. रिसर्च असिस्टंट, औषधांच्या चाचण्यांमधलं समन्वयाचं काम, डेटा विश्लेषण, वैद्यकीय लेखन ही दारं उघडी असतात. बाकी बहुतेक वाटा पुढच्या शिक्षणातून जातात, मग ते पीएचडी असो, वैद्यक असो वा क्लिनिकल सायकॉलॉजी. चार वर्षांत कोडिंग शिकून घेतलंस तर यांपैकी कुठेही अडणार नाही.

निर्णय घ्यायला अजून वेळ आहे. तोवर एक काम कर. मुंगी, कबूतर, मांजर, जे समोर येईल त्याच्याकडे वीस मिनिटं घड्याळ लावून बघ आणि दिसेल तेवढंच लिही. 'रागावली', 'खेळतेय', 'कंटाळली' असे शब्द येतीलच. त्यांच्यावर एक रेघ मार आणि पान मला पाठव. गिरगटून काळं करू नकोस, खाली काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं पाहिजे.